तरुण संघात खरी सहभागिता कशी रुजवावी

आपल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांतील किशोरवयीन मुले नाताळच्या नाटिकेत, गायनात आणि सजावटीत हमखास दिसतात, आणि तेवढ्यावरून तरुण संघ जोमात चालला आहे असा आपला समज होतो. परंतु दहावीत नापास झालेला मुलगा त्या आठवड्यात संघाला येतो की घरी तोंड लपवून बसतो, यावरच संघाची खरी पारख होते.

सुरुवात लहान गटापासून करावी. 13 ते 15 आणि 16 ते 18 या वयांची मुले शक्यतो वेगळी बसवावीत, एका गटात आठ-दहांहून अधिक नसावीत आणि प्रत्येक गटाबरोबर किमान दोन प्रौढ, एक पुरुष व एक स्त्री, असावेत. शिकवण्यांच्या वेळा लक्षात घेता रविवारच्या उपासनेनंतरचा तास सोयीचा पडतो. मुलांना बाकांवर ओळीने न बसवता सतरंजीवर गोलाकार बसवावे, कारण ओळीत बसले की मुले शब्बाथशाळेप्रमाणे (रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाप्रमाणे) अपेक्षित उत्तरेच देऊ लागतात.

बैठकीचा गाभा पवित्र शास्त्रच असावा, पण वचनाची निवड विचारपूर्वक करावी. स्तोत्र 13 अवघ्या सहा ओव्यांचे आहे. त्यात दावीद ‘कोठवर?’ असा प्रश्न देवाला चार वेळा विचारतो आणि विश्वासाचे शब्द शेवटी येतात. ते वाचून प्रत्येकाने आपला ‘कोठवर’ कागदावर लिहावा. वाचून दाखवायचा की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. पुढाऱ्याने मात्र आपला कागद प्रथम वाचावा. त्यात त्याची खरी अडचण असावी, मात्र मुलांवर भार पडेल असे घरगुती प्रश्न त्यांच्यापुढे उघडू नयेत. याकोब 5:16 चा आधार घेऊन मुलांकडून सर्वांसमक्ष पापकबुली वदवून घेण्याची प्रथा काही ठिकाणी आहे. माझ्या मते तिने प्रामाणिकपणापेक्षा भीतीच अधिक वाढते.

साक्ष देण्याच्या, म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव मंडळीत सांगण्याच्या, बाबतीतही आपण मुलांना ठरावीक वाक्ये शिकवून ठेवली आहेत: पूर्वी अंधार होता, आता प्रकाश आहे. याला उत्तम उतारा म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा 1895 मध्ये झाला, तर लक्ष्मीबाईंना त्या वाटेवर यायला आणखी काही वर्षे लागली. मधला राग, ताटातूट आणि सोवळ्याचा हळूहळू सुटलेला पीळ त्यांनी काहीही न झाकता, वर विनोदाने, सांगितला आहे. त्यातील दोन-तीन पाने मोठ्याने वाचल्यास अर्धवट, चाचपडणारा विश्वासही मंडळीत सांगता येतो, हे मुलांना समजते.

मुले मन मोकळे करू लागली की गुप्ततेचा प्रश्न येतो. गटातील गोष्ट बाहेर जाणार नाही, हा नियम पहिल्याच दिवशी सांगावा आणि त्याची मर्यादाही त्याच वेळी सांगावी: कोणाच्या जिवाला धोका असेल किंवा कोणी लैंगिक अत्याचार केला असेल, तर आम्ही गप्प बसणार नाही. 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार 18 वर्षांखालील मुलावरील अशा गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे, आणि मंडळीची अब्रू ही सबब तेथे चालत नाही. बालकांसाठीचा 1098 हा मदत क्रमांक सर्व मुलांना पाठ असावा.

प्रेषितांची कृत्ये 2:42 मध्ये शिक्षण आणि प्रार्थनेच्या जोडीला सहवास व भाकर मोडणेही येते, म्हणून महिन्यातून एकदा गटाने एखाद्या घरी एकत्र स्वयंपाक करावा. कांदा चिरताना मुले जे बोलतात, ते सतरंजीवर क्वचितच बोलतात. भांडी मुलग्यांनीही घासावीत.

एखादा सलग दोन रविवार आला नाही, तर व्हॉट्सॲपवर निरोप न टाकता गटातीलच दोघांनी त्याच्या घरी जावे, आणि संघाला का आला नाहीस हा प्रश्न न विचारता थोडा वेळ त्याच्याजवळ बसावे.