शाश्वतता सगळ्या विषयांत आणताय? या चुका टाळा

पर्यावरणाचे खटले लढणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं, २००३ मध्ये पुन्हा बजावलं. त्यामुळे पदवीच्या प्रत्येक शाखेत पर्यावरणाचा पेपर आला. ही मोठी गोष्ट होती. पण पुढे तो 'त्या मॅडमचा विषय' झाला आणि बाकीचे विभाग मोकळे झाले. आता शाश्वतता सगळ्यांनीच शिकवायची म्हटल्यावर गाडी बहुतेक ठिकाणी त्याच त्या चुकांवर अडते.

शेवटचं युनिट जोडणे

अभ्यास मंडळाच्या बैठकीत सर्वात सोपा ठराव हाच असतो: प्रत्येक पेपरला शाश्वत विकासाचं एक युनिट जोडा. ते शेवटी येतं, पोर्शन संपवायच्या घाईत 'घरी वाचा' म्हणून सुटतं. शिवाय शाश्वत विकासाची १९८७ सालच्या ब्रुंटलँड अहवालातली तीच व्याख्या आणि संयुक्त राष्ट्रांची तीच १७ उद्दिष्टं मुलं सहा पेपरांत ऐकतात. मी शिकवत होते त्या एका महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाच्या मुलांना व्याख्या तोंडपाठ होती, पण ती आपल्या विषयात कुठे लागते हे एकालाही सांगता आलं नाही. मला ते फार लागलं.

उपाय: नवं युनिट जोडू नका, आहे त्याच युनिटातलं उदाहरण बदला. रसायनशास्त्रात १०० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट तापवलं की ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो, हे गणित सगळेच सोडवतात. तीच प्रक्रिया चंद्रपूर जिल्ह्यात कोरपना-राजुऱ्याकडच्या सिमेंट भट्ट्यांत चालते, एवढं सांगा. मग पुढचा प्रश्न मुलं स्वतः विचारतात: कारखाना पूर्ण सौरऊर्जेवर चालवला तरी हा वायू निघणारच ना? निघणारच, कारण तो चुनखडीतून येतो. म्हणून सिमेंटमध्ये क्लिंकर (भट्टीतून निघणारा मुख्य घटक) कमी करून राख मिसळतात, आणि औष्णिक वीजकेंद्राची राख चंद्रपुरातच पडलेली आहे. एका जुन्या गणितातून रसायन, स्थापत्य आणि जिल्ह्याचा भूगोल हाताशी येतो, जादा तास न घेता.

कॉस्टिंगच्या, म्हणजे उत्पादनखर्चाच्या हिशेबाच्या, वर्गातही हे जमतं. मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढताना साधारण ८ ते १५ लिटर स्पेंट वॉश, म्हणजे दूषित सांडपाणी, निघतं. त्याची विल्हेवाट लावायचा खर्च कॉस्ट शीटमध्ये कुठे दाखवायचा? आणि तो न दाखवता पाणी ओढ्यात सोडलं तर तो खर्च कोण भरतं? इतिहासाच्या शिक्षकांना तर वेगळं काही शोधायलाच नको. १९२७ चा महाडचा सत्याग्रह शिकवताना सार्वजनिक पाण्यावर हक्क कोणाचा, हाच प्रश्न समोर असतो.

फाईल भरली म्हणजे झालं

महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकसाठी तक्ते भरावेच लागतात, त्यात गैर काही नाही. पण तक्त्यात टिक आहे आणि प्रश्नपत्रिकेत एकही प्रश्न नाही, असं असेल तर मुलं तो भाग वाचणार नाहीत. निदान इंटर्नलला पाच गुणांचा एक प्रश्न ठेवा. जुलैतल्या वृक्षारोपणाचंही तसंच. मे महिन्यात त्या रोपांना पाणी कोण घालतं, याची नोंद संख्याशास्त्राच्या मुलांकडे द्या. जगलेल्या रोपांचं प्रमाण काढणं हे त्यांचं प्रॅक्टिकल होऊ शकतं.

'मग ऊस लावायचाच नाही का?'

उसाला पाणी फार लागतं हे सांगितल्यावर हा प्रश्न आला की अनेक शिक्षक गडबडतात, किंवा उपदेश सुरू करतात. विचारणाऱ्या मुलाची फी बहुधा उसाच्या बिलातूनच भरलेली असते. त्याला अपराधी वाटायला लावलं तर तो पुढच्या तासाला येणार नाही, आणि त्याचं चुकलंही नाही. उसाला एफआरपीचा, म्हणजे कारखान्याने द्यायच्या किमान दराचा, आधार आहे, तुरीचा भाव बाजारात कोसळू शकतो. शेतकरी हिशेब करूनच ऊस लावतो. तो हिशेब वर्गात मांडा. एकरी खर्च, उत्पन्न आणि त्यापुढे पाण्याचा रकाना. हिवरे बाजारच्या ग्रामसभेत पडलेला पाऊस मोजून, पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवतात, ते उदाहरण त्याच फळ्यावर घ्या. मुलांना घरचे आकडे आणायला सांगा.

'मला यातलं काही येत नाही' असं सहकारी म्हणाले, तर त्यांना एकटं सोडू नका. अर्थशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र मिळून एकच असाइनमेंट द्या, दोघांनी आपापल्या भागाचे गुण द्यावेत. आणि त्या कामाचे तास वर्कलोडमध्ये धरायला प्राचार्यांना सत्र सुरू व्हायच्या आधीच सांगा. नंतर वेळापत्रक हलत नाही.