एअर फ्रायरमध्ये फ्रोझन फ्राइज मऊ पडतात? या चुका टाळा

तीन वर्षांपूर्वी मुलीच्या वाढदिवसाला दहा-बारा मुलं घरी यायची होती. एअर फ्रायर नवा होता, फ्रीझरमध्ये फ्राइजचं मोठं पाकीट होतं, आणि कढई चढवायची नाही या आनंदात मी जवळजवळ पाऊण किलो फ्राइज एकदमच जाळीत ओतले. वीस मिनिटांनी भांडं ओढून पाहिलं, तर वरचा थर तपकिरी आणि कडक, आणि मधले सगळे फिकट, ओलसर, एकमेकांना चिकटलेले. मुलांनी वरचे तेवढे वेचून खाल्ले, बाकीचे ताटल्यांमध्ये तसेच राहिले. मला फार वाईट वाटलं होतं.

त्यानंतर आमच्याकडे फ्राइज, स्मायली, आलू टिक्की, हॅश ब्राउन (किसलेल्या बटाट्याच्या चपट्या वड्या) यांतलं काहीतरी आठवड्यातून एकदा होतंच. वडिलांना डॉक्टरांनी तळलेलं बंद केलंय, त्यामुळे हे यंत्र ओट्यावरून कधी आत जात नाही. एवढ्या दिवसांत एक गोष्ट पक्की कळली. बटाट्याचा पदार्थ मऊ पडतो तो आतल्या वाफेला बाहेर पडायला वाट मिळाली नाही म्हणून. पुढच्या बहुतेक चुका घरोघरी वेगवेगळ्या तऱ्हेने होतात, पण त्यांच्या मुळाशी हेच असतं.

कढईत वडा सोडला की तेल कसं उसळतं ते आठवा. ते बुडबुडे तेलाचे नसतात, वड्यातल्या पाण्याची वाफ बाहेर पडत असते. बुडबुडे मंदावले की वडा झाला, हे आपल्याला आई-आजीकडून न सांगताच कळलेलं असतं. एअर फ्रायरमध्येही हेच घडतं, फक्त दिसत नाही. वर तापलेली कॉइल, तिच्यावर पंखा, आणि तो गरम हवा जाळीतून फिरवतो. फिलिप्सने २०१० साली बर्लिनच्या प्रदर्शनात हे यंत्र आणलं तेव्हा नावात ‘फ्रायर’ घातलं आणि ते नाव रुळलं, पण मुळात हा जोरदार पंख्याचा छोटा ओव्हन आहे. तेल जितक्या झपाट्याने उष्णता देतं तितकी हवा देऊ शकत नाही. म्हणून ती प्रत्येक तुकड्याला चारी बाजूंनी लागली पाहिजे आणि सुटलेली वाफ घेऊन गेली पाहिजे.

जाळी गच्च भरणं

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि माझी तीच झाली होती. फ्राइजचा ढीग झाला की मधल्या तुकड्यांची वाफ तिथेच कोंडते आणि ते भाजले न जाता उकडले जातात. चार लिटरच्या जाळीत मी एका वेळी २५० ते ३०० ग्रॅमच्या वर घालत नाही. बारीक फ्राइजचे दोन थर चालतात, कारण ते हलवता येतात. स्मायली, टिक्की आणि हॅश ब्राउन मात्र एकाच थरात आणि मध्ये बोटभर फट ठेवूनच. एकावर एक ठेवलेली टिक्की जिथे टेकते तिथे पांढरीच राहते, कितीही वेळ वाढवा.

पाहुणे जास्त असतील तर दोन-तीन घाणे करावे लागतात, त्याला इलाज नाही. पण पहिला घाणा गार होईल म्हणून जाळी भरायची गरज नसते. पहिला घाणा ताटात पसरून ठेवा, दुसरा झाला की दोन्ही एकत्र जाळीत घालून २०० अंशांवर दोन मिनिटं फिरवा. आता कोरडे झालेले असल्यामुळे एकत्र घातले तरी बिघडत नाहीत आणि सगळ्यांना गरम मिळतात.

आधी बाहेर काढून ठेवणं

मटार किंवा पनीर आपण आधी बाहेर काढून ठेवतो, तसंच फ्राइजचं करायला जातो. इथे ते उलटं पडतं. पाकिटातले फ्राइज कच्च्या बटाट्याचे नसतात. कारखान्यात बटाटे सोलून, कापून, गरम पाण्यातून काढून, वाळवून मग थोडा वेळ गरम तेलात तळतात आणि लगेच गोठवतात. म्हणजे त्यांच्यावर एक पातळ तळलेलं कवच आधीच असतं. फ्राइज बाहेर ठेवले की वरचं बर्फ वितळून ते पाणी या कवचात मुरतं आणि कवच लिबलिबीत होतं. फ्रीझरमधून काढायचं ते थेट जाळीत. पाकिटाच्या तळाशी बर्फाचा चुरा असेल तर तोही ओतू नका. तुकडे हाताने उचलून घ्या, चुरा पाकिटातच राहू द्या.

खरं तर हा घोळ आपल्या घरात येण्याआधीच सुरू झालेला असू शकतो. हा माल उणे १८ अंशांवर राहायला हवा असतो. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात दुकानातून पाकीट घेऊन अर्धा तास बाजारात फिरलं, की घरी येईपर्यंत ते मऊ झालेलं असतं. मग फ्रीझरमध्ये टाकल्यावर त्याचा एकच गोळा होतो. लोडशेडिंगमध्ये फ्रीझर चार-पाच तास बंद राहिला तरी तेच. दुकानात पाकीट हलवून बघा. आत तुकडे सुटे वाजले तर ठीक. दगडासारखा एकच गठ्ठा हाताला लागला तर ते एकदा वितळून पुन्हा गोठलेलं आहे, घेऊ नका. मी ते पाकीट सगळ्यात शेवटी घेते आणि वर्तमानपत्रात गुंडाळून जाड पिशवीत आणते. एका दाराच्या फ्रिजमधला वरचा बर्फाचा कप्पा तेवढा थंड नसतो, तिथे फ्राइज महिनाभर साठवू नका, चार-सहा दिवसांत संपवा.

यंत्र थंड असतानाच घालणं, आणि व्होल्टेज

रिकामं यंत्र २०० अंशांवर तीन ते पाच मिनिटं तापवून घ्या. थंड यंत्रात घातलेला गोठलेला बटाटा पहिली काही मिनिटं नुसता वितळत बसतो, म्हणजे बाहेर काढून ठेवल्यासारखंच झालं.

आता एक गोष्ट, जी पाककृतींमध्ये कुणी सांगत नाही. कॉइलची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० व्होल्टवर १५०० वॉट देणारा फ्रायर २०० व्होल्टवर जेमतेम ११३० वॉट देतो, म्हणजे जवळजवळ पावपट ताकद गेली. गावाकडे संध्याकाळी पंखे मंद फिरायला लागतात तेव्हा तुमच्या फ्रायरचंही तेच झालेलं असतं. आमच्या साताऱ्याच्या घरी हाच फ्रायर नेला, तेव्हा पुण्यात १३ मिनिटांत होणाऱ्या फ्राइजना तिथे १८ मिनिटं लागली. यंत्र बिघडलंय असं समजू नका. घाणा आणखी लहान करा, तापवण्याचा वेळ दुप्पट करा. आणि फ्रायर नेहमी मोठ्या पॉवर प्लगवरच लावा. लहान प्लगवर किंवा मिक्सर लावतो त्या एक्स्टेन्शनवर नको, वायर तापते.

तेल, मीठ आणि मसाला

साध्या फ्राइजना वरून तेल लागत नाही, ते कारखान्यातच लागलेलं असतं. वरून चमचाभर ओतलं तर ते जाळीखाली गळतं आणि धूर होतो. ब्रेडक्रम्सचं कोरडं कवच असलेल्या टिक्कीला मात्र ब्रशने अगदी पुसल्यासारखं तेल लावलं तर रंग एकसारखा येतो. बाजारात मिळणारे दाबाचे तेल-स्प्रे वापरू नका. त्यांत बऱ्याचदा लेसिथिन नावाचा मिसळलेला घटक असतो, तो नॉनस्टिक जाळीवर चिकट थर धरतं आणि घासून निघत नाही.

मीठ आधी घातलं की पाणी सुटतं, आणि चाट मसाला किंवा पेरी पेरी आधी भुरभुरलं तर पंख्याच्या वाऱ्याने उडतं आणि उरलेलं करपतं. फ्राइज बाहेर काढल्याबरोबर मोठ्या पातेल्यात घ्या, मीठ-मसाला टाका आणि पोहे सारखे करतो तसे दोनदा उडवा. गरम असताना मसाला धरतो, निवल्यावर खाली बसतो.

जाळीवर कागद अंथरणं

धुवायचं काम वाचावं म्हणून बटर पेपर अंथरतात. पण जाळीची भोकं बुजली की खालून हवा येणार कुठून? वरची बाजू कुरकुरीत आणि खालची ओली, ही तक्रार निम्म्या वेळा कागदामुळे असते. शिवाय रिकामं यंत्र तापवताना आत कागद ठेवला तर तो उडून कॉइलला चिकटतो आणि पेटू शकतो. चीज भरलेले बाइट्स सोडले तर मी कागद घालतच नाही. चीज फुटून सांडतं म्हणून तेवढ्यापुरता भोकांचा कागद, आणि तोही वर वजन आल्यावरच.

सगळ्यांना एकच वेळ, एकच आकडा

बारीक फ्राइज २०० अंशांवर ११ ते १३ मिनिटं, त्यात दोनदा जाळी हलवायची. वेजेस, म्हणजे बटाट्याच्या जाड फोडी, १८ मिनिटांपर्यंत जातात. स्मायली कुस्करलेल्या बटाट्याच्या असतात. पहिली सहा मिनिटं त्यांना हात लावू नका, नाहीतर फुटतात. मग चिमट्याने उलटा आणि आणखी पाच मिनिटं ठेवा. चीज बाइट्स १८० अंशांवर सात-आठ मिनिटंच. एक मिनिट जास्त झालं की चीज बाहेर आणि आत पोकळी.

जाड आलू टिक्कीत लोक हमखास फसतात. २०० अंशांवर सुरू केली की बाहेरून दहा मिनिटांत छान लाल दिसते आणि आत बर्फ. तिला १८० अंशांवर दहा मिनिटं द्या, मध्ये एकदा उलटा, आणि मग शेवटची तीन मिनिटं २०० अंशांवर. झाली की नाही ते असं बघा: सुरीचं टोक मधोमध खुपसून पाच सेकंद ठेवा आणि मनगटाच्या आतल्या बाजूला हलकेच टेकवा. चटका बसला पाहिजे. कोमट लागलं तर अजून तीन मिनिटं.

अमेरिकेतल्या पाककृतीत ४०० लिहिलेलं असतं ते फॅरेनहाइट, म्हणजे आपले २०० अंश. ३७५ म्हणजे १९०. पाकिटावर फक्त ओव्हनचा वेळ दिला असेल तर तापमान २० अंशांनी कमी करा आणि पाऊण वेळ झाला की उघडून बघायला लागा. उघडल्याने काही बिघडत नाही, ढोकळ्यासारखं हे बसत नाही.

फ्राइज झाले की नाही हे मी आता आवाजावरून ओळखते. पाचव्या मिनिटाला जाळी हलवली तर ओल्या मातीसारखा थपथप आवाज येतो. दहाव्या मिनिटाला तो मोकळा होतो. आणि बाराव्या-तेराव्याला भाजलेल्या शेंगा सुपात पाखडल्यासारखा खळखळ वाजला की झाले.

रंग सोनेरी पिवळा आला की थांबा. कुरकुरीतपणाच्या हव्यासाने तपकिरी करू नका. २००२ साली स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की बटाट्यासारखे पिष्टमय पदार्थ १२० अंशांच्या वर भाजले-तळले की त्यांत ॲक्रिलामाइड हे घातक द्रव्य तयार होतं, आणि रंग जितका गडद तितकं ते जास्त. घरात लहान मुलं खाणारी असतील तर हे मनावर घ्याच.

वडा यात होत नाही

हे मला खूपजण विचारतात. घरी भिजवलेल्या बेसनाच्या पिठात बुडवलेला बटाटेवडा एअर फ्रायरमध्ये करू नका. तेलात पडल्या क्षणी पीठ धरतं. हवा ते तेवढ्या लवकर धरू शकत नाही, पीठ जाळीतून गळतं आणि उरलेल्याचा कोरडा पापुद्रा होतो. परदेशात राहणारे आपले लोक इंडियन स्टोअरमधून फ्रोझन बटाटेवडे आणतात. पाकिटावर ते तळलेले आहेत असं लिहिलं असेल तर ते मात्र १८० अंशांवर १२-१४ मिनिटांत फार चांगले होतात. भाजीच्या साध्या बटाट्याचे घरी कापलेले फ्राइजही पाकिटासारखे होणार नाहीत, कारण त्या बटाट्यात पाणी जास्त असतं. गुजरातेत मेहसाणा-बनासकांठा भागात कारखान्यांसाठी जे बटाटे पिकवतात ते कमी पाण्याचे, खास जातींचे असतात.

झाकून ठेवणं

सगळं नीट केलं आणि शेवटी फ्राइज डब्यात भरून झाकण लावलं, की पाच मिनिटांत मऊ. गरम बटाट्यातून वाफ निघतच असते, ती झाकणाला लागते आणि पाणी होऊन खाली पडते. पोळ्यांच्या कॅसेरोलमध्ये तर मुळीच ठेवू नका. मोठ्या चाळणीत किंवा केक निववायच्या जाळीवर पसरून ठेवा, खालून हवा लागली पाहिजे. वर्तमानपत्रावर काढू नका, छपाईची शाई अन्नात उतरते, आणि एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेनेही २०१६ मध्ये तशी सूचना दिलेली आहे. सॉस शेजारी वाटीत द्या, वर ओतू नका. मुलांच्या शाळेच्या डब्यात हा पदार्थ कुरकुरीत राहत नाही, कुणी काहीही सांगो. डब्यात द्यायचंच असेल तर आलू टिक्की पोळीत गुंडाळून द्या, ती मऊच चांगली लागते.

उरलेले फ्राइज १८० अंशांवर तीन-चार मिनिटांत पुन्हा खाण्याजोगे होतात. मायक्रोवेव्हमध्ये नाही, तिथे आतलं पाणी पुन्हा कवचात येतं.

तरीही एअर फ्रायरचे फ्राइज सात-आठ मिनिटांच्या आतच खायचे असतात. म्हणून टायमरवर शेवटची तीन मिनिटं राहिली की मी वडिलांना आणि मुलीला हाक मारते, पाट-पाणी, सॉसच्या वाट्या, सगळं मांडून घेते, आणि मगच भांडं ओढते.