भोपळ्याचं बी राखायचं असेल तर आदल्या संध्याकाळीच कामाला लागा

आमच्या सहकारनगरच्या सोसायटीच्या बागेत लाल भोपळ्याचे वेल निरनिराळ्या घरांचे आहेत. कुणी मंडईतून आणलेल्या भोपळ्याचं बी टोचलंय, कुणी गावाहून आणलंय. माझं बी सासूबाईंचं, भोरकडचं. फळ चपटं, खोल फाकांचं, आणि इतकं गोड की घारग्यांना गूळ बेतानंच घालावा लागतो. ते तसंच पुढे राहावं असं मला मनापासून वाटतं, आणि त्यासाठी परागीभवन हातानंच करायला हवं. मधमाशी या वेलावरून त्या वेलावर जाते. यंदाचं फळ आईसारखंच निघतं, पण आतल्या बियांचा बाप कोण ते पुढच्या वर्षी कळतं.

शेजारी दुधी, दोडका, काकडी असली तर असू दे, त्यांचा लाल भोपळ्याशी संकर होत नाही. सांभाळायचं ते दुसऱ्या जातीच्या लाल भोपळ्यापासून. संकरित बियाण्याच्या फळातलं बी मात्र राखू नका, पुढची पिढी तशी निघत नाही.

नर फूल लांब, बारीक देठावर येतं. मादी फुलाच्या खाली इवलासा भोपळा आधीपासूनच असतो. सुरुवातीला नुसती नर फुलंच येतात, तेव्हा धीर धरा.

आता खरं काम. संध्याकाळी वेलाभोवती फिरून उद्या उमलणाऱ्या कळ्या हेरायच्या. अशी कळी पूर्ण लांब झालेली असते, टोकाचा हिरवेपणा जाऊन पिवळी झाक आलेली असते, पण टोक अजून घट्ट मिटलेलं असतं. जरा जरी सैल दिसलं तर ती सोडून द्या. एक मादी कळी आणि दोन-तीन नर कळ्या निवडून टोकाला कागदी चिकटपट्टी लावायची. नर कळ्या त्याच जातीच्या, पण जमल्यास दुसऱ्या वेलावरच्या घ्या. श्रावणातल्या सरींत चिकटपट्टी सुटते, म्हणून मी लोकरीच्या धाग्यानं टोक बांधते. बांधलेल्या फुलात पाणीही जात नाही, आणि ते फार महत्त्वाचं, कारण भिजलेले परागकण फुटून वाया जातात.

सकाळी साडेसहा-सातला बागेत या. दहापर्यंत फुलं मलूल होतात. नर फूल देठासकट तोडा, पाकळ्या काढा आणि मधल्या दांडीला बोट लावून बघा. बोट पिवळं झालं पाहिजे. मग मादी फुलाचा धागा सोडा. पाकळ्या अलगद उघडा, फाडू नका, त्या परत मिटायच्या आहेत. आतल्या जाड, चिकट कुक्षीच्या, म्हणजे पराग धरणाऱ्या भागाच्या, प्रत्येक फाकेवर नर फुलाची दांडी सावकाश फिरवा. एका फुलावर भागवू नका, दोन-तीन वापरा. पराग भरपूर पडला तर बीही भरपूर धरतं. एवढ्यात एखादी सातेरी मधमाशी आत शिरलीच, तर ते फूल बियाण्यासाठी बाद. नाहीतर फूल लगेच परत बांधा आणि फळाच्या देठाला लाल लोकर सैलसर गुंडाळा. देठ पुढे जाड होतो.

चार-पाच दिवसांत फळ फुगायला लागतं, नाहीतर पिवळं पडून गळतं. वेलावर आधी धरलेली कोवळी फळं असतील तर ती भाजीला काढा, म्हणजे वेल आपल्या फळाला ताकद देईल.

पितृपक्षात भोपळ्याला मागणी येते. तेव्हा लाल लोकरीच्या फळाला कुणी हात लावायचा नाही, हे बागेतल्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवा. देठ वाळला आणि सालीत नख रुतेनासं झालं की फळ उतरवा, आणि आणखी महिनाभर घरात कोरड्या जागी ठेवा. या काळात आतलं बी भरतं. कापल्यावर गराचा बारीक तुकडा चाखा. कडू लागला तर थुंकून टाका, आणि ते फळही नको, बीही नको.

बी चोळून धुवा आणि पोकळ बी निवडून टाका. स्टीलच्या ताटात सावलीत पसरा. वर्तमानपत्राला ते चिकटतं. वाकवल्यावर न वाकता कडकन मोडलं म्हणजे वाळलं. मग काचेच्या बरणीत भरून वर चिठ्ठी लावा: जात, वर्ष, कुणाचा वेल. कोरडं राहिलं तर तीन-चार वर्षं सहज उगवतं. बरणी एकाच घरात ठेवू नका. निम्मं बी बागेतल्या दुसऱ्या कुणाकडे द्या, आणि त्यांनाही कळ्या कशा बांधायच्या ते दाखवा.