होम लोन दुसऱ्या बँकेत नेताय? बेळगाव-खानापूर-निपाणीकरांनी या चुका टाळाव्यात

२०२५ च्या सुरुवातीला रिझर्व्ह बँकेचा रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, ६.५० टक्के होता. वर्ष संपताना तो ५.२५ टक्क्यांवर आला. बातमी सगळ्यांनी वाचली, तरी टिळकवाडीत, शहापुरात, मच्छे-पिरनवाडीच्या नव्या कॉलन्यांत कितीतरी घरांचा हप्ता आहे तेवढाच आहे. आणि नेमके याच वेळी फोन येतात, 'सर, लोन ट्रान्सफर करा, हप्ता कमी करून देतो.' हप्ता खरंच कमी होतो. पण कर्ज स्वस्त होतं का, हे कुणी विचारत नाही. वीस वर्षांच्या कमाईतून फिटणारं कर्ज दोन फोनवर हलवलं जातं, याची काळजी वाटते म्हणून हा लेख.

आपल्याकडे होम लोनचं ठरावीक वर्षांनी नूतनीकरण होत नसतं. त्यामुळे 'आता काय करायचं' हा प्रश्न बँक विचारत नाही, तो आपणच उकरून काढावा लागतो. तुमच्यापुढे वाटा चारच आहेत: आपल्याच बँकेत दर उतरवून घेणं, दुसरीकडे जाणं, हाताशी रक्कम असेल तर काही मुद्दल फेडणं, किंवा आहे तसं चालू ठेवणं.

आपलं कर्ज कशाला बांधलंय हे न पाहताच बाहेर पडणं

मंजुरीपत्र काढा आणि व्याजदराचा परिच्छेद वाचा. १ ऑक्टोबर २०१९ नंतर व्यापारी बँकांनी दिलेली फ्लोटिंग (बदलत्या) दराची होम लोन बहुतेक रेपो दराला जोडलेली आहेत आणि त्यांचा दर तीन महिन्यांतून एकदा तरी नव्याने ठरवावाच लागतो. त्याआधीची कर्जं एमसीएलआरवर (बँक आपल्या निधीच्या खर्चावरून ठरवते त्या दरावर) असतात, २०१६ च्या एप्रिलच्या आधीची बेस रेट या त्याहून जुन्या पद्धतीवरही सापडतात. अशा कर्जांत रेपोची घट उशिरा आणि अर्धवट पोचते. हाउसिंग फायनान्स कंपन्यांचा पीएलआर (मूळ व्याजदर) त्या स्वतः ठरवतात आणि सहकारी बँकांनाही रेपोची सक्ती नाही.

कर्ज जुन्या पद्धतीवर असेल तर पहिला अर्ज आपल्याच शाखेत द्यायचा: 'माझं कर्ज रेपो दराला जोडून द्या, त्याचा खर्च किती ते लेखी कळवा.' यासाठी एक ठरावीक शुल्क लागतं, पण नव्याने मूल्यांकन नाही, मालकी तपासणारा वकिलाचा शोध अहवाल नाही, नोंदणी कार्यालयाची फेरी नाही. कर्ज रेपोवर असूनही दर जास्त वाटत असेल तर रेपोच्या वर बँक किती टक्के लावते ते बघा. नव्या ग्राहकाला तीच बँक कमी लावत असेल तर तसं अर्जात लिहा. तोंडी विचारलं तर 'हेड ऑफिसला कळवतो' एवढंच उत्तर मिळतं. अर्ज देऊन पोच घेतली की हालचाल होते. दुसऱ्या बँकेचं मंजुरीपत्र जोडलं तर आणखी लवकर होते.

व्याज घटलं तरी हप्ता तोच, याचं एक साधं कारणही असू शकतं: बँकेने हप्ता न बदलता मुदत कमी केली असेल. उलट २०२२-२३ मध्ये दर चढले तेव्हा अनेकांची मुदत गुपचूप वाढली. ऑगस्ट २०२३ च्या नियमानुसार दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हा पर्याय कर्जदाराला द्यावा लागतो. आतापर्यंत किती मुद्दल व किती व्याज वसूल झालं आणि किती हप्ते उरले, याचं विवरण दर तिमाहीला द्यावं लागतं. ते मागून घ्या. पुढची सगळी तुलना त्या कागदावरच उभी राहते.

हप्त्याची हप्त्याशी तुलना करणं

सर्वांत महाग चूक ही.

समजा २० लाख बाकी आहेत, १५ वर्षं उरलीत आणि दर ९.२५ टक्के आहे. हप्ता साधारण २०,५८४ रुपये. नवी बँक ८.२५ टक्के देते.

मुदत तीच, १५ वर्षं ठेवली तर हप्ता १९,४०३. महिन्याला ११८१ रुपये वाचतात, शेवटापर्यंत सुमारे २ लाख १२ हजार.

एजंट मात्र दाखवतो २० वर्षांचा हप्ता: १७,०४१. महिन्याला साडेतीन हजार कमी! घरात सगळे खूश. पण १७,०४१ गुणिले २४० महिने म्हणजे जवळपास ४० लाख ९० हजार. जुन्या कर्जात शेवटापर्यंत ३७ लाख ५ हजार जाणार होते. एक टक्का कमी दर घेऊन तुम्ही पावणेचार लाखांहून जास्त रक्कम वर दिलीत, आणि निवृत्तीनंतरही हप्ता भरत राहिलात.

तिसरी वाट फारसं कुणी सुचवत नाही. दर ८.२५ झाला तरी हप्ता २०,५८४ च ठेवायचा. कर्ज सुमारे १६१ महिन्यांत संपतं, म्हणजे दीड वर्षाहून अधिक आधी, आणि ३ लाख ९० हजारांच्या आसपास वाचतात. घरखर्च आजच्या हप्त्यात बसत असेल तर मी डोळे मिटून हीच वाट सुचवेन. अर्जात 'हप्ता कायम, मुदत कमी' असं स्पष्ट लिहा.

आणि कर्ज संपत आलं असेल तर थांबा. ५ लाख बाकी आणि चार वर्षं उरली असतील तर एक टक्क्याच्या फरकाने शेवटापर्यंत सुमारे ११ हजार वाचतात. ट्रान्सफरचा खर्चच तेवढा होईल. त्यापेक्षा ऊसबिल आलं, बोनस आला की मुद्दलात भरा. फ्लोटिंग दराच्या होम लोनवर व्यक्तीकडून मुदतपूर्व फेडीचा दंड घेता येत नाही, मग पैसे स्वतःचे असोत की दुसऱ्या बँकेतून आलेले. फिक्स्ड दराचं कर्ज असेल तर मात्र करार वाचा.

पुण्यातल्या भावाचा खर्च धरून हिशेब करणं

आपल्या बहुतेकांचे नातेवाईक कोल्हापूर-पुण्यात आहेत आणि सल्लाही तिकडूनच येतो. दर देशभर सारखे असतील, पण स्टॅम्प ड्यूटी राज्याची असते. घर कर्नाटकात म्हणजे गहाणाच्या कागदावर कर्नाटकचा दर लागणार. मूळ कागद नव्या बँकेत ठेवल्याचा जो दस्त होतो, त्याची ड्यूटी आणि नोंदणी फी आजची किती, हे तुमच्या उपनोंदणी कार्यालयात किंवा बँकेच्या वकिलाकडे विचारा. त्यात प्रोसेसिंग फी, त्यावरचा जीएसटी, वकील आणि मूल्यांकनकार मिळवा. ही बेरीज एकूण बचतीतून वजा केल्याशिवाय निर्णय घेऊ नका.

नोकरी कोल्हापुरात आणि घर निपाणीत किंवा कागवाडला, अशांची अडचण वेगळी. तिकडच्या शाखेचा वकील महाराष्ट्राचे कागद वाचणारा असतो. आपला खाता (मालमत्तेची मालकी-कराची नोंद) आणि ईसी (मालमत्तेवरचे व्यवहार आणि बोजे दाखवणारा दाखला) कन्नडमध्ये. फी भरण्याआधी एकच प्रश्न विचारा: 'बेळगाव जिल्ह्यातली मालमत्ता तुमची शाखा घेते का?' आठवडाभर फाइल फिरवून शेवटी नकार आला तरी फी सहसा परत मिळत नाही. बहुतेकांना बेळगाव, चिकोडी किंवा निपाणीतल्याच शाखेतून काम सोपं जातं.

कागद जुन्या बँकेने पाहिलेत, मग झालंच, असं समजणं

दहा वर्षांपूर्वी चाललेले कागद आज चालतीलच असं नाही. २०२४ च्या ऑक्टोबरपासून कर्नाटकात मालमत्तेची नोंदणी ई-खात्याशी (खात्याच्या ऑनलाइन नोंदीशी) जोडली गेली आहे, त्यामुळे नवी बँक तो मागणार हे धरून चाला. ग्रामपंचायत हद्दीत ई-स्वत्तूचा, म्हणजे तिथल्या मालमत्तांच्या ऑनलाइन नोंदीचा, नमुना ९ आणि ११ लागतो. बेळगावभोवती गुंठ्यांत घेतलेले, एनए (बिगरशेती) न झालेले किंवा नोंदणीविना नुसत्या बाँडवर व्यवहार झालेले प्लॉट बरेच आहेत. अशा घरावर एखाद्या संस्थेचं कर्ज मिळालं असेल, पण राष्ट्रीयीकृत बँक ते घेईल ही आशा कमीच. तिथे आधी कागद दुरुस्त करा. दरांची चौकशी नंतरची.

नावांचा घोळही इथला खास आहे. खरेदीपत्रावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, आणि कन्नड खात्यावरून उलट लिप्यंतर केलं की तिसरंच. वडिलांचं नाव कुठे आहे, कुठे नाही. फाइल इथेच अडकते. अर्ज करण्यापूर्वी खरेदीपत्र, खाता, ईसी, आधार आणि पॅन शेजारी-शेजारी ठेवून नावं तपासा. फरक किरकोळ असेल तर 'दोन्ही नावं एकाच व्यक्तीची' असं नोटरीचं ॲफिडेव्हिट बहुतेक ठिकाणी चालतं. वारसा लागलेला नसेल तर मात्र आधी तो लावून घ्यावा लागतो आणि त्याला वेळ लागतो.

न वाचता सही करणं

कन्नड नीट वाचता येत नाही, इंग्रजी करार चाळीस पानांचा, म्हणून 'खुणा केल्यात तिथे सह्या करा' म्हटलं की आपण करतो. इथे तुमच्या बाजूने एक पक्का नियम आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका, सहकारी बँका आणि फायनान्स कंपन्यांना नव्या कर्जाची मुख्य माहिती एका पत्रकात द्यावी लागते. त्याला केएफएस (की फॅक्ट्स स्टेटमेंट) म्हणतात. ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावं आणि त्याला समजावून सांगून त्याची सही घ्यावी, असं रिझर्व्ह बँकेने म्हटलंय. म्हणजे मराठीत केएफएस मागणं हा उपकार मागणं नव्हे. बेळगावात बसून ते जरूर मागा.

केएफएसमध्ये एपीआर नावाचा आकडा असतो. व्याजासोबत फी, विम्याचा हप्ता असं सगळं धरून पडणारा खरा वार्षिक दर तो. दोन बँकांची तुलना याच आकड्यावर करा, मुदत सारखी ठेवून. पत्रकातल्या अटी किमान तीन कामकाजाचे दिवस कायम राहतात, त्यामुळे 'आज सही नाही केलीत तर ऑफर गेली' असं कुणी म्हणालं तर पत्रक घरी आणा आणि निवांत वाचा.

विमा वेगळा तपासा. एकरकमी प्रीमियम कर्जात मिळवून देण्याची पद्धत सगळीकडे आहे आणि त्या प्रीमियमवरही आपण वीस वर्षं व्याज भरतो. कर्जासाठी अमुकच पॉलिसी घ्या, अशी सक्ती करणारा रिझर्व्ह बँकेचा कोणताही नियम नाही. घरात कमावता माणूस एकच असेल तर टर्म विमा जरूर घ्या, पण स्वतः निवडून, वेगळा.

चार-पाच ठिकाणी एकदम अर्ज टाकू नका. प्रत्येक अर्जामागे सिबिलकडे (आपल्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपनीकडे) चौकशी नोंदली जाते आणि स्कोअर थोडा उतरतो. रेपोवरच्या कर्जात दर स्कोअरवरही ठरतो. आधी नुसती चौकशी करा, अर्ज एक किंवा फार तर दोन ठिकाणी.

सोसायटीच्या कर्जाला बँकेचे नियम लावणं

बेळगाव, निपाणी, खानापुरात सौहार्द सहकारी आणि क्रेडिट सोसायट्यांचा आधार मोठा आहे. बँकेने दारात उभं केलं नाही तेव्हा अनेकांची घरं या संस्थांनीच उभी केली, हे विसरता येणार नाही. पण वर सांगितलेले रिझर्व्ह बँकेचे नियम त्यांना लागू नाहीत. मुदतपूर्व फेडीचं शुल्क, भागभांडवल कधी परत मिळणार, जामीनदार कधी मोकळे होणार, हे सगळं संस्थेच्या पोटनियमांवर आणि तुमच्या गहाणखतावर ठरतं. तिथून बँकेत जाताना येणेबाकीचा दाखला आधी घ्या आणि गहाणमुक्तीचा दस्त नोंदवायला किती दिवस लागतील ते लेखी घ्या. नव्या बँकेला ती तारीख कळली पाहिजे. तक्रार असेल तर बँक लोकपालाकडे जाऊन उपयोग नाही, सहकार खात्याच्या निबंधकांकडे जावं लागतं.

घरावरच्या ओव्हरड्राफ्टचं रिन्युअल गृहीत धरणं

उद्यमबागेतले छोटे कारखानदार, खडेबाजार-गणपत गल्लीतले दुकानदार घर गहाण ठेवून ओव्हरड्राफ्ट किंवा कॅश क्रेडिट (ठरलेल्या मर्यादेपर्यंत लागतील तसे पैसे काढायची सोय) चालवतात. ते मात्र दरवर्षी रिन्यू होतं, आणि बहुतेक जण फॉर्म भरून मोकळे होतात. खरी घासाघीस करायची वेळ हीच. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा रिन्यू झालेल्या कर्जांना मुदतपूर्व फेडीचे नवे नियम लागू आहेत. त्यांत एक गोष्ट उपयोगी आहे: करारात दिलेल्या मुदतीआधी 'मला रिन्यू करायचं नाही' असं कळवलं आणि खातं ठरल्या तारखेला बंद झालं, तर बँक मुदतपूर्व फेडीचं शुल्क लावू शकत नाही. ती तारीख चुकली की ही सवलत हातून जाते. म्हणून रिन्युअलच्या तीन महिने आधीच चौकशी सुरू करा.

पैसे गेले म्हणजे काम संपलं असं मानणं

जुन्या बँकेचं फोरक्लोजर पत्र (कर्ज बंद करायला किती भरायचं ते सांगणारं) एका ठरावीक तारखेपर्यंतच खरं असतं. नव्या बँकेचा चेक उशिरा पोचला तर वरच्या दिवसांचं व्याज अडून राहतं आणि खातं बंदच होत नाही. म्हणून चेक जमा झाल्यावर बाकी शून्य आहे का, ते स्वतः शाखेत जाऊन पाहा. जुना ऑटो-डेबिट बंद करायला लेखी द्या, नाहीतर एका महिन्यात दोन हप्ते कापले जातात.

मूळ कागद पूर्ण फेड झाल्यापासून ३० दिवसांत परत मिळायला हवेत. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५००० रुपये भरपाई, असा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. कर्ज घेताना दिलेल्या कागदांची यादी आधीच काढून ठेवा, कारण नेमकं जुनं खरेदीपत्रच गहाळ झाल्याचं शेवटच्या दिवशी कळतं. बँक दाद देत नसेल तर आधी तिच्याकडेच लेखी तक्रार करा, ३० दिवसांत समाधान झालं नाही की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे.

एक-दोन महिन्यांनी कर्नाटकच्या नोंदणी खात्याच्या कावेरी पोर्टलवरून किंवा उपनोंदणी कार्यालयातून नवी ईसी काढा. जुन्या बँकेच्या बोजाची मुक्ती तिथे दिसत नसेल तर मुक्तीचा दस्त नोंदलेला नाही असं समजा आणि जुन्या बँकेकडून तो लगेच करून घ्या. शाखेतले अधिकारी बदलून गेले, फाइल दुसऱ्या शहरात गेली की हेच काम महिनोन् महिने लांबतं.