ईएसएक्सआयवरून प्रॉक्समॉक्सवर लिनक्स गेस्ट हलवताना बूट अडकू नये म्हणून काय करायचं

२०२३ च्या नोव्हेंबरात ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर ही कंपनी घेतली, पुढच्याच महिन्यात कायमची लायसन्स विकणं बंद झालं, आणि तेव्हापासून ईएसएक्सआयवरचे (एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणारं व्हीएमवेअरचं सॉफ्टवेअर) लिनक्स गेस्ट, म्हणजे त्यावर चालणाऱ्या व्हर्च्युअल मशीन (व्हीएम), प्रॉक्समॉक्सवर (तेच काम करणारं ओपन सोर्स सॉफ्टवेअर) आणायचं काम माझ्याकडे सतत असतं. प्रॉक्समॉक्स ८.२ पासून इंपोर्ट विझार्ड आतच मिळतो त्यामुळे डिस्क आणणं सोपं झालंय. अडतं ते त्यानंतर.

बॅकअप घ्या, जुने स्नॅपशॉट (व्हीएमच्या जतन केलेल्या आधीच्या अवस्था) डिलीट करा, नाहीतर इंपोर्ट रेंगाळतं.

आता खरा मुद्दा, आणि हे इंपोर्टच्या आधी, गेस्ट जुन्या सर्व्हरवर चालू असतानाच करायचं. रॉकी, अल्मा, सेंटओएस यांच्यात ड्रॅकट हा प्रोग्राम जी इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला कर्नलला लागणारे ड्रायव्हर असलेली फाइल) बनवतो तिच्यात फक्त समोर दिसणाऱ्या हार्डवेअरचेच ड्रायव्हर घालतो. ईएसएक्सआयवर व्हर्टआयओ डिस्क (प्रॉक्समॉक्स गेस्टला देतो ती वेगवान व्हर्च्युअल डिस्क) नसतेच, मग तो ड्रायव्हर आत येणार कुठून? नवीन होस्टवर (गेस्ट चालवणाऱ्या सर्व्हरवर) डिस्क व्हर्टआयओ स्कझी केली की कर्नलला ती दिसतच नाही, टाइमआउटच्या ओळी येत राहतात आणि शेवटी रूट पार्टिशन सापडत नाही म्हणून ड्रॅकटच्या इमर्जन्सी शेलमध्ये नेऊन सोडतो. डेटा शाबूत असतो, फक्त दार उघडायला किल्ली नसते. इथे लोक सांगतात ग्रब (बूटच्या वेळी कर्नल निवडणारा प्रोग्राम) परत टाका नाहीतर ओएस नव्याने इन्स्टॉल करा. दोन्ही चूक, प्लीज करू नका. डिस्क कायमची आयडीईवर (जुन्या, हळू प्रकारच्या कंट्रोलरवर) ठेवा हा सल्लाही नको, चालते पण डेटाबेस असेल तर हाल होतात.

उपाय म्हणजे ड्रॅकट फोर्स (जुनी फाइल पुसून नवी लिहा) आणि नो-होस्टओन्ली (सगळे ड्रायव्हर घाला) ऑप्शन देऊन चालवा, आणि सोबत रीजनरेट-ऑल (सगळ्या कर्नलसाठी) द्याच. हे शेवटचं मी एकदा दिलं नव्हतं. शनिवारी रात्री एका क्लायंटचा अकाउंट्सचा सर्व्हर हलवत होतो, ड्रॅकट नीट चालला, तरी बूट अडकलं आणि दोन तास मी भलतीकडेच शोधत बसलो. झालं असं होतं की त्या गेस्टवर कर्नल अपडेट झालेला पण रीबूट केलेलं नव्हतं, ड्रॅकटने चालू असलेल्या जुन्या कर्नलची फाइल बनवली आणि ग्रबने नवीन कर्नल उचलला. म्हणून सगळ्या कर्नलच्या फाइली बनवा, त्याआधी बूट पार्टिशनवर जागा आहे ना ते बघा कारण या फाइली मोठ्या होतात, आणि नंतर एलएसइनिटआरडी या कमांडने (ती इनिटरॅमएफएसच्या आत काय आहे ते दाखवते) प्रत्येक फाइलीत व्हर्टआयओ स्कझी आहे की नाही हे डोळ्यांनी बघा. डेबियन आणि उबुंटूत बहुतेक ड्रायव्हर आधीच आत असतात, तिथे सहसा हा त्रास होत नाही.

आधीच अडकला असाल तर व्हीएम बंद करून प्रॉक्समॉक्समध्ये त्या व्हीएमचा स्कझी कंट्रोलर व्हीएमवेअर पीव्हीस्कझी निवडा. जुन्या जागी तोच होता तर गेस्ट लगेच उठतो. नाहीतर ग्रबमधली रेस्क्यूची ओळ निवडा, तिच्यात बहुतेक सगळे ड्रायव्हर असतात. आत गेल्यावर वरची ड्रॅकटची कमांड चालवा, बंद करा, परत व्हर्टआयओवर या.

फर्मवेअर जुन्याच प्रकारचं ठेवा: यूईएफआयवाल्या गेस्टला प्रॉक्समॉक्समध्ये ओव्हीएमएफ, बायोसवाल्याला सीबायोस.

प्रॉक्समॉक्समध्ये व्हीएमचा सीपीयू टाइप (गेस्टला दिसणारा प्रोसेसर) केव्हीएम६४ असेल तर बदला. रॉकी ९ ला किमान एक्स८६-६४-व्ही२ लागतो, १० ला व्ही३. होस्ट सगळे एकसारखे असतील तर सरळ ‘होस्ट’ हा सीपीयू टाइप निवडा.

नेटवर्क कार्डचं नाव बदलतं, ईएनएस१९२ चं बहुधा ईएनएस१८ होतं, आणि जुन्या नावाने लिहिलेला स्टॅटिक आयपी लागत नाही. एसएसएच (दुरून लॉगिन) बंद असणार म्हणून कन्सोलवरूनच नेटवर्क मॅनेजर किंवा नेटप्लॅनमध्ये नाव दुरुस्त करा, आणि रूटचा पासवर्ड आधीच हाताशी ठेवा.

गेस्टमधून ओपन-व्हीएम-टूल्स (व्हीएमवेअरसाठीचा मदतनीस प्रोग्राम) काढा, त्याजागी प्रॉक्समॉक्ससाठीचा क्यूईएमयू गेस्ट एजंट टाका. प्रॉक्समॉक्समध्ये व्हीएमच्या ऑप्शनमध्येही एजंट चालू करावा लागतो आणि तो बदल गेस्टच्या आतून रीबूट करून लागू होत नाही, व्हीएम पूर्ण बंद करून परत चालू करायची.

जुनी व्हीएम आठवडाभर तरी डिलीट करू नका, पण तिचं नेटवर्क कार्ड डिस्कनेक्ट करून ठेवा, नाहीतर कोणीतरी चुकून चालू करतं आणि एकाच आयपीचे दोन सर्व्हर होऊन बसतात.