एसीएल शस्त्रक्रियेत पीआरपी: तयारी आणि वापर

पूर्ण तुटलेला एसीएल (गुडघा स्थिर ठेवणारा आतला अस्थिबंध) सहसा आपोआप जुळत नाही, कारण सांध्यातला द्रव तुटलेल्या टोकांमध्ये रक्ताची गुठळी टिकू देत नाही. त्याच्या जागी बसवलेल्या नव्या ग्राफ्टवर (पर्यायी स्नायुबंध) पीआरपी, म्हणजे रुग्णाच्याच रक्तातून काढलेला प्लेटलेटने समृद्ध प्लाझ्मा, लावतानाही अडचण तीच, म्हणून सगळ्यांत जास्त लक्ष ते जागेवर टिकवण्याकडे द्या.

आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या साधारण आठवडाभर आधी बंद करतात. हृदयासाठी सुरू असलेले अ‍ॅस्पिरिन मात्र परस्पर थांबवू नये. प्लेटलेट कमी असतील, जंतुसंसर्ग किंवा कर्करोग असेल, तर पीआरपी टाळतात.

६० मिलीच्या सिरिंजमध्ये आधी ६ मिली एसीडी-ए (रक्त गोठू न देणारे द्रावण) घ्या, मग १८ गेजच्या सुईने ५४ मिली रक्त सावकाश ओढा. बारीक सुईतून जोराने ओढले तर प्लेटलेट तिथेच सक्रिय होतात आणि गाठी धरतात. सिरिंज हलकेच उलटसुलट करा, घुसळू नका.

सेंट्रिफ्यूज (रक्त गरगर फिरवून त्याचे घटक वेगळे करणारे यंत्र) दोनदा फिरवायचे. पहिली फेरी मंद: लाल पेशी तळाशी बसतात. वरचा प्लाझ्मा काढून दुसऱ्या, जोराच्या फेरीत टाका. आता प्लेटलेट तळाशी जमतात. वरचा पातळ भाग काढून उरलेल्या सुमारे ६ मिलीत तळ हलक्या हाताने मिसळा. वेग नेहमी 'जी' मध्ये (गुरुत्वाकर्षणाच्या किती पट जोर) ठरवा. १५०० आरपीएमला (मिनिटाला फेऱ्या) १० सेंमी त्रिज्येवर सुमारे २५० जी मिळतो, १५ सेंमीवर सुमारे ३७५. दुसऱ्याचे आरपीएम जसेच्या तसे उचलल्याने अनेकदा उतारा कमी येतो. थोडा नमुना मोजून पाहा: मूळ रक्ताच्या ३ ते ५ पट प्लेटलेट हवेत.

लावण्याआधी दुर्बिणीतून सांध्यात सोडले जाणारे पाणी बंद करून सांधा कोरडा करा. हे राहिले तर सगळी मेहनत पाण्यासोबत वाहून जाते. दर १ मिलीला ०.१ मिली १० टक्के कॅल्शियम क्लोराइड मिसळून पीआरपी ग्राफ्टच्या धाग्यांत आणि हाडातल्या बोगद्यांच्या तोंडाशी सोडा. गुठळी धरायला काही मिनिटे लागतात. त्यानंतर सांधा पुन्हा धुऊ नका.

काही अभ्यासांत एमआरआयवर ग्राफ्ट लवकर परिपक्व झाल्यासारखा दिसतो, पण गुडघ्याच्या ताकदीत ठोस फरक सातत्याने दिसलेला नाही. त्यामुळे व्यायामाचे वेळापत्रक अजिबात आखडू नका. ग्राफ्ट सुरुवातीच्या काही महिन्यांत सर्वांत कमकुवत असतो, नेमकी तेव्हाच वेदना ओसरलेली असते. वळणावळणाचे खेळ ९ महिन्यांच्या आत नकोत.