चाक, तलवार, मुकुट: संत कॅथरीन ओळखायची कशी

चर्चमधली मुकुट घातलेली प्रत्येक स्त्री येशूची आई मारिया नसते. मूर्तीच्या पायाशी, कोपराजवळ किंवा झग्याच्या घोळात आधी चाक शोधा. सापडलं, तर ती बहुधा अलेक्झांड्रियाची संत कॅथरीन.

आख्यायिका माहीत असली की बाकीच्या वस्तू आपोआप लागतात. या राजकन्येने रोमन सम्राट मॅक्सेन्टियसला मूर्तिपूजेवरून तोंडावर सुनावलं. त्याने वादाला बसवलेले 50 पंडित हरले आणि ख्रिस्ती झाले. हातातलं पुस्तक त्या वादाचं. मग खिळे ठोकलेल्या चाकांवर तिला मारायचं ठरलं, पण चाकंच फुटली. अखेर तलवारीने शिरच्छेद झाला आणि देवदूतांनी देह सिनाई पर्वतावर नेला. हातातली झावळी ही हुतात्म्याची खूण, ती अनेक संतांकडे असते, म्हणून तेवढ्यावर ओळख ठरवू नका. पायाखाली मुकुटधारी पुरुष दिसला तर तो सम्राट. ड्रॅगन असेल तर ती संत मार्गारेट, आणि शेजारी मनोरा असेल तर संत बार्बरा.

चाक अख्खं मिळेलच असं नाही. कधी नुसता फुटका तुकडा असतो, त्यामुळे परिघाबाहेर आलेले खिळे बघा. माद्रिदमधल्या काराव्हाज्योच्या चित्रात मोडकं चाक, हातात तलवार आणि खाली उशीवर झावळी, सगळं आहे. राफाएलच्या लंडनमधल्या चित्रात (सुमारे 1507) मात्र मुकुट नाही. ती चाकावर रेलून वर पाहते. मूर्तीची मूठ आरपार पोकळ असेल तर तिथली तलवार बहुधा हरवलेली असते.

सर्वात जास्त घोळ होतो तो दुसऱ्याच एका संत कॅथरीनशी, इटलीतल्या सिएनाच्या. बाल येशूकडून अंगठी घेणारी राजवस्त्रातली, ती अलेक्झांड्रियाची. सिएनाचीलाही अंगठी मिळते, पण अंगावर डॉमिनिकन या ख्रिस्ती धर्मसंघाचा पांढरा झगा, काळा अंगरखा आणि तळहातावर येशूसारख्या जखमा असतात.

जुन्या गोव्याचं से कॅथेड्रल हिच्याच नावाचं आहे, कारण 25 नोव्हेंबर 1510 रोजी, तिच्या सणादिवशी, पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने शहर जिंकलं. मुख्य वेदीवरच्या कोरीव फलकांत तिच्या जीवनातले प्रसंग आहेत. समोरून सोनेरी मुलामा चकाकतो आणि खोदकाम सपाट वाटतं. दोन पावलं बाजूला सरकून पाहा.